पाण्याचा दिवस, कोरडा दिवस आणि मोडणारे वेळापत्रक

तुम्ही लिहिले आहे की तुम्ही इंदूरच्या सुदामा नगरात राहता, एका खासगी कंपनीच्या लेखा विभागात नोकरी करता, सकाळी आठ पस्तीसला घर सोडता आणि संध्याकाळी सातला परतता. घरात यजमान, नऊ आणि चार वर्षांची दोन मुले आणि गुडघेदुखीने बेजार झालेल्या सासूबाई आहेत. गेल्या वर्षभरात तुम्ही तीन वेळा वेळापत्रक केले, एकदा वहीत आणि दोनदा मोबाइलवरच्या ॲपमध्ये, आणि तिन्ही वेळा ते आठ-दहा दिवसांत मोडले. आता तुमचा प्रश्न असा आहे की पहाटे साडेचारला उठायला लागले तर सगळे बसेल का, आणि नसेल तर एखादे तयार वेळापत्रक मिळेल का.

तयार वेळापत्रक मी देणार नाही. मी पीथमपूरच्या कारखान्यांत सव्वीस वर्षे कार्य-अभ्यासाचे काम केले, म्हणजे कोणत्या कामाला किती वेळ लागतो, तो कशात जातो आणि कसा वाचवता येतो, हे घड्याळ घेऊन मोजण्याचे काम. निवृत्त झाल्यापासून ओळखीतल्या नोकरदार स्त्रियांच्या सकाळी त्यांच्याबरोबर बसून मोजून देते. एका घरी नेमके बसलेले वेळापत्रक शेजारच्या घरी चार दिवस टिकत नाही, हे मी इतक्यांदा पाहिले आहे की तुमचे घर न पाहता तास-मिनिटे लिहून देणे मला फसवणूक वाटते. स्वयंपाकाला बाई आहे की नाही, कार्यालयात वेळेची थोडी सवलत मिळते की नाही, घरातली माणसे किती धडधाकट आहेत आणि हातात किती पैसा आहे, यांवर पुष्कळ काही अवलंबून असते. पण वेळापत्रक का मोडते, याचे कारण तुमच्या पत्रातच आहे आणि त्यावर मला निश्चित काही सांगता येईल.

तुम्ही ओघात एक वाक्य लिहिले आहे: ‘आमच्याकडे नर्मदेचे पाणी एक दिवसाआड पहाटे सहाच्या सुमारास येते, त्या दिवशी सगळे कोलमडते.’ माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर या वाक्यात आहे. तुमचे तिन्ही तक्ते सोमवार ते रविवार असे आखलेले होते. आठवडा सात दिवसांचा आणि पाण्याची पाळी दोन दिवसांची. या आठवड्यात पाणी सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि रविवारी आले, तर पुढच्या आठवड्यात ते मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी येणार. ‘सोमवारी कपडे’ असे ॲपमध्ये नोंदवलेले काम एका आठवड्यात बसते आणि पुढच्या आठवड्यात बसूच शकत नाही. तुमच्या घरच्या सकाळी चौदा दिवसांनी पुन्हा तशाच येतात, सात दिवसांनी नव्हे. तेव्हा दुसऱ्या आठवड्यात तक्ता मोडला तो तुमच्या आळसामुळे किंवा शिस्त कमी पडल्यामुळे मोडला, असे समजू नका. तो पहिल्या दिवसापासूनच चुकीच्या मापाने शिवलेला होता.

म्हणून पहिली गोष्ट अशी करा की आठवड्याचा तक्ता टाकून द्या आणि सकाळी दोनच प्रकारच्या ठेवा, एक पाण्याच्या दिवसाची आणि एक कोरड्या दिवसाची. पाण्याच्या दिवशी मोटर, टाकी, पिण्याचे पाणी आणि कपड्यांचे यंत्र यांकडे लक्ष द्यावे लागते, म्हणून त्या दिवशीचा डबा साधा ठरवून ठेवावा: एक कोरडी भाजी आणि पोळी, किंवा आदल्या रात्री भिजवलेल्या मुगाची उसळ. ज्याला दोन भांडी जास्त लागतात, ज्याला वाटण लागते, ते सगळे कोरड्या दिवशी. कॅलेंडरवर पाण्याच्या तारखांना निळा ठिपका दिला की वारांचा हिशेब डोक्यात ठेवावा लागत नाही.

आता साडेचारला उठण्याविषयी. तुम्ही रात्री सव्वाअकराला झोपता असे लिहिले आहे, म्हणजे साडेचारला उठलात तर झोप सव्वापाच तास होईल. प्रौढ माणसाने रोज किमान सात तास झोपावे, अशी अमेरिकेतील निद्रावैद्यक तज्ज्ञांच्या दोन संस्थांची २०१५ सालची संयुक्त शिफारस आहे, आणि तुम्ही पावणेसहाला उठता तेव्हाही त्यात अर्धा तास कमीच पडतो. कारखान्यात एखादे यंत्र कमी पडू लागले की त्याचे तेलपाणी बंद करून त्याला जास्त वेळ चालवणारा पर्यवेक्षक मी पाहिला आहे. पहिला आठवडा त्याचे कौतुक झाले होते. लवकर उठण्याचा सल्ला बहुतेक वेळा ज्यांचे रात्रीचे काम दुसरे कोणी आवरते त्यांच्याकडून येतो, हे माझे स्पष्ट मत आहे. रात्री साडेनऊला झोपता येत असेल तर खुशाल साडेचारला उठा. ते जमत नसेल तर पहाटेकडून वेळ उसना घेऊ नका.

मग वेळ आणायचा कुठून? माझे लहानपण मालवा मिलच्या परिसरात गेले. तेव्हा त्या भागातल्या घरांत भिंतीवरच्या घड्याळापेक्षा मिलचा भोंगा खरा मानला जाई. पहिल्या भोंग्याला आईचा स्टोव्ह पेटलेला असे आणि दुसऱ्याच्या आत वडिलांचा डबा बांधून दाराशी ठेवलेला असे. पुढे गिरण्या बंद पडल्या आणि भोंगेही थांबले, पण ठरलेल्या क्षणी हाक मारणाऱ्या गोष्टी काही कमी झाल्या नाहीत. आज तुमच्या घरात नळ हा एक भोंगा आहे, कचरागाडीचे गाणे हा दुसरा, शाळेच्या व्हॅनचा हॉर्न हा तिसरा आणि तुमची आठ पस्तीसची वेळ हा चौथा. हे चारही पावणेसहा ते आठ पस्तीस या एकशे सत्तर मिनिटांत येतात. कारखान्यात ज्याला आम्ही बॉटलनेक म्हणत असू, ती तुमच्या दिवसातली अडणीची जागा हीच. संपूर्ण चोवीस तासांचे नियोजन करण्यात शक्ती घालवण्यापेक्षा एवढीच एक जागा मोकळी केली तर बाकीचा दिवस बराचसा आपोआप सुधारतो, कारण दुपारी चार वाजता तुमच्यावर असा ताण नाही आणि तिथे वाचवलेली दहा मिनिटे सकाळी उपयोगाला येत नाहीत.

ही जागा मोकळी कशी करायची, हे मला ज्यांच्याकडून शिकायला मिळाले त्या शिगेओ शिंगो या जपानी अभियंत्याची एक हकिकत तुम्हाला उपयोगी पडेल. १९५० साली ते हिरोशिमात माझ्दाच्या कारखान्यात आठशे टनांच्या दाबयंत्राचा साचा बदलण्याचे काम पाहत होते. जुना साचा निघाला, नवा बसवायचा तर एक बोल्ट सापडेना; कामगार तो शोधायला गेला आणि एक तासाहून अधिक वेळ यंत्र उभेच राहिले. शेवटी त्याने शेजारच्या यंत्राचा लांब बोल्ट आणून तो कापून वापरला. यावरून शिंगो यांनी तयारीचे दोन भाग केले: यंत्र बंद ठेवूनच करता येते ती आतली तयारी, आणि यंत्र चालू असताना आधीच उरकून ठेवता येते ती बाहेरची. पुढे टोयोटाच्या कारखान्यात एक हजार टनांच्या दाबयंत्राचा साचा बदलायला लागणारे चार तास याच विचाराने तीन मिनिटांवर आले. तिथे कामगारांचे हात जोरात चालू लागले असे झाले नाही. जे आधी करता येत होते ते आधी केले गेले.

तुमच्या घरातला तो हरवलेला बोल्ट म्हणजे डब्याचे झाकण, मुलीच्या वहीवरची सही, धाकट्याचा दुसरा मोजा. सकाळच्या एकशे सत्तर मिनिटांत जे जे करता, त्यातल्या प्रत्येक कामाला विचारा की हे याच वेळी झाले पाहिजे का. पोळी भाजणे, फोडणी घालणे, धाकट्याला उठवून तयार करणे ही आतली कामे आहेत. ती तिथेच राहतील. झाकणासकट डबे ओट्यावर मांडणे, दप्तर आणि गणवेश, सह्या, ओल्या-सुक्या कचऱ्याची वर्गवारी, भाजी चिरणे ही सगळी बाहेरची. कोबी, फरसबी आणि दुधी रात्री चिरून झाकून फ्रिजमध्ये ठेवल्याने काही बिघडत नाही. वांगे आणि बटाटा काळे पडतात, ते सकाळीच चिरावेत. कणीक एका रात्रीपुरती बंद डब्यात वरून तेलाचा हात लावून ठेवली तर चांगली राहते, मात्र सकाळी पंधरा मिनिटे आधी बाहेर काढावी, नाहीतर पोळी लाटताना ओढून धरते. रात्रीचे हे काम पंचवीस मिनिटांच्या पुढे जाऊ देऊ नका, आणि ते जेवणानंतर लगेच करा, मुले झोपल्यावर नव्हे, कारण मुले झोपल्यानंतरचा वेळ हा तुमच्या झोपेतून येतो.

येथे तुमच्या जुन्या तक्त्यांतली दुसरी चूक सांगते. तुम्ही पाठवलेल्या नमुन्यात पावणेसहा ते आठ पस्तीस या वेळेतले एकही मिनिट रिकामे नाही. कारखान्यात कोणत्याही कामाचा प्रमाण वेळ, म्हणजे त्या कामाला द्यायचा ठरलेला वेळ, काढताना मोजलेल्या वेळेत गरजा आणि विसाव्यासाठी काही जादा वेळ धरावा लागतो; त्याला सवलत म्हणतात. कार्य-अभ्यासात सर्रास वापरल्या जाणाऱ्या, आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या तक्त्यात वैयक्तिक गरजांसाठी स्त्रियांना ७ टक्के, पुरुषांना ५ टक्के आणि मूलभूत थकव्यासाठी दोघांनाही ४ टक्के धरलेले आहेत. उभ्याने करण्याच्या कामाची सवलत वेगळी. म्हणजे यंत्रावर बसलेल्या स्त्रीलासुद्धा ११ टक्के वेळ मिळतो आणि ओट्याशी उभी असलेली तीच स्त्री स्वतःला एक टक्काही देत नाही. एकशे सत्तर मिनिटांचे ११ टक्के म्हणजे सुमारे एकोणीस मिनिटे. तेव्हा तुमच्या सकाळीत कामे दीडशे मिनिटांचीच बसवा. धाकट्याने दूध सांडले की ती उरलेली वीस मिनिटे तिथे जातील, आणि नाही सांडले तर बसून चहा प्या. घाईने दोन घोट पिऊन थंड झालेला कप सिंकमध्ये ओतणे याला मी चहा मानत नाही.

पण दीडशे मिनिटांत बसण्यासाठी काही कामे तुमच्याकडून जावी लागतील, आणि हा भाग तक्त्याने सुटत नाही. भारत सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात आणि ते करणारे पुरुष ८८ मिनिटे, असे दिसले. २०१९ मध्ये हेच आकडे २९९ आणि ९७ होते, म्हणजे पाच वर्षांत दोघांचाही वेळ जवळपास सारखाच घटला आणि अंतर होते तेवढेच राहिले. अशा सर्वेक्षणाची पहिली चाचणी १९९८-९९ मध्ये ज्या सहा राज्यांत झाली, त्यांत आपले मध्य प्रदेशही होते. हे सांगण्याचा हेतू तुमच्या यजमानांना दोष देण्याचा नाही. तुमच्या पत्रात त्यांच्याविषयी कडवटपणा नाही, आणि ‘काय करू ते सांग, मी करतो’ असे ते म्हणतात, हेही तुम्ही लिहिले आहे.

अडचण त्या ‘सांग’मध्ये आहे. हे तुमचे तुम्हालाच दिसावे म्हणून मी एक मोजणी सुचवते. ब्रिटनच्या सूतगिरण्यांसाठी टिपेट या संख्याशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एक पद्धत काढली होती: दिवसभर घड्याळ धरून उभे न राहता कोणत्याही क्षणी यंत्राकडे एक नजर टाकायची, ते चालू आहे की बंद एवढेच टिपायचे, आणि अशा पुरेशा नजरा जमल्या की वेळ कशात जातो याचे चित्र उमटते. तुम्ही मोबाइलवर दिवसाला दहा वेळा, आडव्यातिडव्या वेळी गजर लावा. गजर वाजला की चिठ्ठीवर दोनच गोष्टी लिहा: हात काय करत आहेत आणि डोक्यात काय चालले आहे. सात दिवस नव्हे, चौदा दिवस. कारण तुमचा आठवडा चौदा दिवसांचा आहे हे आपण पाहिलेच. मी ज्यांच्याबरोबर हे केले, त्यांच्या चिठ्ठ्यांवर ‘हात: पोळ्या, डोके: फी भरायची शेवटची तारीख’ किंवा ‘हात: व्हाउचर, डोके: गॅस नोंदवला का’ अशा जोड्या इतक्या वेळा आल्या की हातांपेक्षा डोकेच जास्त तास नोकरी करते, हे त्यांना स्वतःला कळले.

म्हणून काम देताना तुकड्याने देऊ नका, मुळापासून शेंड्यापर्यंत द्या. ‘आज कचरा बाहेर नेशील का’ यात आठवण ठेवण्याचे काम तुमच्याकडेच राहते. कचरा यजमानांचा म्हणजे वर्गवारी, डबे धुणे, पिशव्या संपल्या की आणणे आणि गाडीचे गाणे ऐकणे हे सगळे त्यांचे. पाण्याचा दिवस त्यांचा म्हणजे मोटरही त्यांनीच चालू करायची आणि टाकी वाहिली तर त्यांनीच पाहायचे. पहिले दोन-तीन आठवडे ते वाईट होईल. गाडी निघून जाईल, एखाद्या दिवशी टाकी अर्धीच भरेल. त्या वेळी धावत जाऊन ते काम उरकले की ते तुमच्याकडे कायमचे परत आले असे समजावे. कारखान्यात नवा कामगार शिकत असताना जुन्याने त्याच्या हातातले अवजार काढून घेतले की काय होते, हे मी पुष्कळ पाहिले आहे. नऊ वर्षांच्या मुलीला तिचे दप्तर आणि दोघांच्या पाण्याच्या बाटल्या द्या. बाटली राहिली तर एक दिवस ती शाळेच्या नळाचे पाणी पिईल.

सासूबाईंबाबत मला माझीच फजिती सांगावी लागेल. लग्नानंतर काही वर्षांनी, कार्य-अभ्यासाची नवी नवी नशा असताना, मी घरातल्या सगळ्या कामांचा तक्ता करून, त्यावर प्रत्येकाचे नाव घालून, तो फ्रिजवर चिकटवला होता. सासूबाईंनी चष्मा लावून तो शांतपणे वाचला आणि विचारले, ‘हे मिलचे हजेरीपत्रक आपल्याकडे कशाला?’ तक्ता त्याच संध्याकाळी उतरला. काही महिन्यांनी मी तोच विषय दुसऱ्या बाजूने काढला आणि त्यांना कोणती कामे स्वतःकडे ठेवायला आवडतील ते विचारले. त्यांना देवपूजा आणि आमटीची फोडणी कोणालाही द्यायची नव्हती. त्याच्या बदल्यात दूधवाल्याचा हिशेब, वाण्याची यादी आणि भाज्या निवडणे त्यांनी आपणहून घेतले आणि शेवटपर्यंत चोख सांभाळले. तुमच्या सासूबाईंना उभे राहणे जमत नाही, पण बसून आणि फोनवरून होणारी कामे घरात कमी नसतात: गॅसची नोंदणी, डॉक्टरांची वेळ, किराणा, धाकट्याला दुपारी काय दिले याची चिंता. ती त्यांच्याकडे सोपवताना ‘तुम्हाला जमेल का’ असे विचारू नका, ‘आई, हे तुम्ही पाहाल का, माझ्याने विसरायला होते’ असे म्हणा. ते खरेही आहे.

बाई ठेवण्याविषयी तुम्ही विचारले आहे की परवडते का ते कसे ठरवावे. पगारावरून तासाचा भाव काढून तुलना करण्याचा सल्ला बऱ्याच ठिकाणी मिळतो. मला तो अपुरा वाटतो. बाईच्या येण्याने अडणीची जागा रुंद होते का, एवढेच पाहा. दहा वाजता येऊन भांडी-फरशी करणाऱ्या बाईमुळे तुमची सकाळ एक मिनिटानेही हलत नाही, तर सात वाजता येऊन फक्त पोळ्या करणारी बाई अर्धा तास देते, आणि बहुधा कमी पैशांत. पैसे एकीपुरतेच असतील तर पोळ्यांची बाई ठेवा आणि फरशी एक दिवसाआड पुसा. रविवारी सकाळी पोहे-जलेबी बाहेरून आणण्याला इंदुरात अजून तरी कोणी आळस म्हटलेले नाही, त्याचा संकोच करू नका.

कार्यालयाबाबत फार लिहीत नाही, कारण तिथे तुमचे काम तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले कळते. एवढेच सुचवते की दर महिन्याला विवरणपत्रे भरणाऱ्या कंपनीत टीडीएसची ७ तारीख आणि जीएसटीच्या ११ व २० या तारखा आधीपासून ठाऊक असतात, तेव्हा त्यांच्या आधीचे दोन दिवस घरच्या कॅलेंडरवर लाल करा आणि त्या दिवशी पाहुणे, हळदीकुंकू किंवा दाताच्या डॉक्टरांची वेळ घालू नका. लाल दिवस आणि निळा ठिपका एकत्र आले तर त्या रात्रीचे जेवण म्हणजे खिचडी, हे घरात सगळ्यांना आधीच सांगून ठेवा. महालक्ष्म्यांच्या तीन दिवसांत मात्र कोणताच तक्ता चालत नाही; त्यासाठी एक दिवस रजा घेणे आणि सोळा भाज्यांच्या ऐवजी पाच करणे यांतले काय घरात चालेल, हे सासूबाईंशी श्रावणातच बोलून घ्या.

सुरुवात करताना हे सगळे एकदम करू नका. पहिले चौदा दिवस काहीही न बदलता फक्त चिठ्ठ्या लिहा आणि कॅलेंडरवर निळे ठिपके द्या. त्यानंतरच्या चौदा दिवसांत रात्रीची पंचवीस मिनिटे सुरू करा आणि पाण्याचा दिवस यजमानांकडे द्या. तिसरा बदल त्यानंतर. चिठ्ठ्या यजमानांना वाचायला द्यायच्या की नाही, हे तुम्ही ठरवा. काही घरी त्याने बोलणे सोपे झाले, एका घरी आठवडाभर अबोला झाला. उन्हाळ्यात नळाची वेळ मागेपुढे झाली तर पाण्याच्या दिवसाची सकाळ पुन्हा मोजावी लागेल, तेवढ्यासाठी दहा कोऱ्या चिठ्ठ्या बाजूला ठेवा.